झाकलेले हात

पायांत घालावयाचे ते पायमोजे आणि हातांत घालावयाचे ते हातमोजे, अशी मराठीची सरळ वाटणी आहे. 'मोजा' हा शब्द फारसीतून आला आणि तेथे त्याचा संबंध पायांशीच होता. मराठीने त्याच्यामागे 'हात' हा शब्द जोडून आपली सोय करून घेतली. जर्मन भाषेनेही असेच केले; तिच्यात हातमोज्याला जो शब्द आहे त्याचा अर्थ 'हाताचा जोडा' असा होतो. हिंदीतला 'दस्ताना' मात्र हातावरूनच निघाला. 'दस्त' म्हणजे हात. आपल्या दस्तखतातला दस्त तो हाच. थंडी वाजते म्हणून, काटे टोचतात म्हणून, किंवा मनगटावर बसविलेल्या ससाण्याची नखे रुततात म्हणून माणसाने हात झाकावेत, यात नवल काहीच नाही. नवल आहे ते निराळ्याच गोष्टीचे. ज्या स्त्रियांना थंडी, काटे आणि ससाणे यांपैकी कशाचीच बाधा नव्हती, त्यांनी भर उन्हाळ्यात, गावातल्या गावात, मैत्रिणीकडे चहाला जाताना आपले हात कातड्याने झाकले पाहिजेत असा दंडक युरोप-अमेरिकेत दीडशेहून अधिक वर्षे चालला. आणि मग १९६० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत तो असा नाहीसा झाला की, त्या स्त्रियांच्या नातींना आजीच्या कपाटात सापडलेले लांब पांढरे मोजे कशासाठी होते हेही सांगावे लागले.

हातमोज्याची वस्तू म्हणून परंपरा फार जुनी आहे. तूतनखामेन या इजिप्तच्या तरुण राजाची कबर १९२२ साली उघडली गेली, तेव्हा तीत तागाच्या कापडाचे हातमोजे निघाले. ते सुमारे तेहतीसशे वर्षांपूर्वीचे. होमरच्या 'ओडिसी' या महाकाव्यात वृद्ध लाएर्टीस आपल्या बागेत काम करताना काट्यांपासून बचाव व्हावा म्हणून हातमोजे घालतो. या दोन उदाहरणांत हातमोज्याची दोन कुळे दिसून येतात. एक कुळ राजाचे, दुसरे माळ्याचे. पहिले सत्तेची खूण म्हणून मिरवायचे, दुसरे कामात झिजायचे. पुढची सगळी कथा या दोन कुळांच्या ताटातुटीची आहे.

मध्ययुगीन युरोपात पहिल्या कुळाला मोठाच मान मिळाला. हात म्हणजे अधिकार, आणि हातमोजा म्हणजे त्या अधिकाराचा प्रतिनिधी, अशी समजूत रूढ झाली. जमिनीचा ताबा देताना मालक आपला हातमोजा नव्या धन्याच्या हाती देई. द्वंद्वाचे आव्हान द्यावयाचे तर योद्धा आपला मोजा प्रतिस्पर्ध्यासमोर फेकी आणि तो उचलला की आव्हान स्वीकारले असे ठरे. इंग्लंडातील एक्सेटर शहरात जत्रेच्या वेळी भरगच्च भरलेला एक पांढरा हातमोजा काठीवर उंच उभारण्याची चाल पडली. राजाचे अभय या जत्रेला आहे, असा त्याचा अर्थ. न्यायाधीश गावी आला आणि त्याच्यापुढे चालविण्यासारखा एकही गंभीर गुन्हा त्या खेपेस नसला, तर त्याला पांढऱ्या हातमोज्यांची जोडी भेट देण्याचीही रीत होती. ही सारी प्रतिष्ठा पुरुषांच्या हातांची होती. राजा, धर्मगुरू, सरदार आणि न्यायाधीश हे हातमोज्याचे मूळचे मानकरी होत.

स्त्रियांच्या हातांवर तो शोभेची वस्तू म्हणून ठळकपणे चढला तो सोळाव्या शतकात, आणि त्या चढण्याला सुगंधाचे निमित्त झाले. त्या काळी कमावलेल्या कातड्याला जो दर्प येई तो नाजूक नाकांना सहन होण्यासारखा नसे. इटलीतील कारागिरांनी त्यावर अत्तरांचा उतारा शोधला. १५३३ साली कॅथरीन द मेदिची फ्लॉरेन्सहून फ्रान्सच्या राजघराण्यात सून म्हणून आली, आणि सुगंधी हातमोज्यांची आवड फ्रेंच दरबारात तिच्या काळात फोफावली. दक्षिण फ्रान्समधील ग्रास हे गाव मूळचे कातडी कमावणाऱ्यांचे. मोज्यांना वास देण्यासाठी त्यांनी आसपास फुलांची लागवड केली. पुढे मोज्यांचा धंदा ओसरला आणि फुलांचा राहिला. ग्रास आज जगभर ओळखले जाते ते अत्तरांचे गाव म्हणून. फ्रान्समध्ये हातमोजे करणारे आणि अत्तरे विकणारे यांचा व्यवसाय-संघ बराच काळ एकच होता, यामागचे कारण हेच.

इंग्लंडात पहिली एलिझाबेथ राणी हातमोज्यांची मोठी षोकीन होती. ऑक्सफर्ड विद्यापीठाने तिला १५६६ च्या भेटीत दिलेले म्हणून ओळखले जाणारे भरजरी मोजे अजून तेथील संग्रहालयात आहेत. परंतु या राणीच्या संदर्भात मोज्यापेक्षा मोजा काढण्याची हकीकत अधिक बोलकी आहे. पाउल हेंट्सनर हा जर्मन प्रवासी १५९८ साली ग्रीनिचच्या राजवाड्यात गेला होता. राणीने एका बोहेमियन सरदाराला जवळ येऊ दिले, उजव्या हाताचा मोजा काढला आणि अंगठ्यांनी लखलखणारा हात चुंबनासाठी पुढे केला. ही विशेष मर्जीची खूण होती, असे त्याने लिहून ठेवले आहे. हात नेहमी झाकलेला असल्याखेरीज तो उघडा करण्याला एवढे मोल येत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही आपल्याकडची म्हण तेथील राणीने आपल्या परीने खरी करून दाखविली होती. विशेष हे की, तिच्या राज्यातला सर्वांत मोठा नाटककार विल्यम शेक्सपिअर हा स्ट्रॅटफर्ड येथील एका हातमोजे करणाऱ्या कारागिराचा मुलगा होता.

दरबारातली ही चाल मध्यमवर्गाच्या घरांत पोहोचायला आणखी दोन शतके लागली. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर आणि नेपोलियनच्या काळात स्त्रियांच्या पोशाखाचा थाट पार बदलला. प्राचीन ग्रीक पुतळ्यांच्या धर्तीवर तलम, पांढरी, आखूड बाह्यांची वस्त्रे आली आणि दंड उघडे पडले. हे उघडे दंड झाकण्यासाठी कोपराच्याही वर जाणारे मोजे आले. नेपोलियनची पत्नी जोसेफीन हिच्या हातांत ते दिसू लागल्यावर पॅरिसला आणि पॅरिसपाठोपाठ साऱ्या युरोपला दुसरा विचार करण्याची गरज उरली नाही. वस्त्राची बाही आणि मोजा यांचे नाते तेव्हापासून तराजूच्या दोन पारड्यांसारखे झाले. बाही लांबली की मोजा मनगटापाशी थांबायचा. बाही आखडली की मोजा दंडापर्यंत चढायचा. त्याची लांबी मोजण्याचे मापही विलक्षण होते. ते 'बटणां'त मोजत. एक बटण म्हणजे जुन्या फ्रेंच मापाचा सुमारे एक इंच. सोळा बटणांचा मोजा दंडाच्या वरच्या भागापर्यंत जाई. पण त्यावर प्रत्यक्षात सोळा बटणे असत असे नाही, बहुधा मनगटापाशी तीनच असत. ती उघडून मोजा न काढता हाताचा पंजा तेवढा बाहेर काढता येई, म्हणजे सरबताचा पेला धरता येई.

एकोणिसाव्या शतकात शिष्टाचाराची जी पुस्तके युरोप-अमेरिकेत घरोघर वाचली जात, त्यांत हातमोज्यांचे नियम एखाद्या स्मृतिग्रंथातल्या आचारधर्मासारखे सांगितलेले आढळतात. घराबाहेर पडण्यापूर्वीच मोजे चढवावेत. रस्त्यात चालता चालता त्यांची बटणे लावीत बसणे हे अडाणीपणाचे लक्षण. दिवसा गडद रंग, रात्रीच्या समारंभाला पांढरा किंवा फिकट. नृत्य करताना स्त्री-पुरुष दोघांच्याही हातांत मोजे हवेत. जेवायला बसताना मात्र ते काढलेच पाहिजेत. हस्तांदोलनाच्या वेळी पुरुषाने मोजा काढावा, स्त्रीने काढण्याची आवश्यकता नाही. शिवाय मोजा हाताला इतका घट्ट बसला पाहिजे की, नखांचा आकारसुद्धा वरून कळावा. त्यासाठी मोज्यांत भुकटी घालून, लाकडी चिमट्याने एकेक बोट सैल करून, आणि बटणे ओढून घेण्यास एक बारीक आकडा वापरून तो चढवावा लागे. पांढरे कातडे एका संध्याकाळीत मळे. मळलेले मोजे घालणे ही नामुष्की, आणि नवे घेणे हा खर्च. या दोहोंच्या कात्रीत कितीतरी मध्यम स्थितीतल्या गृहिणी सापडत आणि रात्री दार लावून जुने मोजे बेन्झीनने पुसून काढीत.

या नियमांचा एकत्रित अर्थ काय होतो, हे पाहण्यासारखे आहे. घट्ट मोज्याने झाकलेल्या हाताने स्वयंपाक होत नाही, भांडी घासता येत नाहीत, सुईत दोरा ओवता येत नाही, फार काय, नाणीसुद्धा नीट मोजता येत नाहीत. आपल्याला यांपैकी काहीही करावे लागत नाही, असे पांढरा मोजा जगाला न बोलता सांगत असे. मोज्याखालचा हातही तसाच असावा लागे. उन्हाने रापलेला हात शेतावरच्या मजुरणीचा, लाल झालेला हात धोबिणीचा, घट्टे पडलेला हात मोलकरणीचा. गोऱ्या, मऊ, लहान हाताला सौंदर्याचे जे मोल आले ते मुळात रिकामपणाचे मोल होते. राजाच्या मोज्याने सत्ता दाखविली. त्याच्या वंशातल्या या मोज्याने सवड दाखविली.

ही सवड मात्र कुणाच्या तरी कष्टांवर उभी होती, आणि त्या कष्टांची हकीकत मोज्याच्या शिवणीतच आहे. फ्रान्समधील ग्रेनोबल हे शहर करडाच्या कातड्याच्या मोज्यांसाठी सर्वांत प्रसिद्ध. त्याच देशातील मिय्यो या गावाची गोष्ट तर अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावी अशी आहे. त्या गावाच्या परिसरात रोकफोर नावाचे चीज मेंढीच्या दुधाचे करतात. मेंढीचे दूध चीजसाठी हवे म्हणून कोकरे लवकरच कापली जात. त्यांच्या कोवळ्या कातड्यांचे ढीग पडत. आणि त्यांतून मिय्योचा हातमोज्यांचा धंदा उभा राहिला. कातडे मऊ व पांढरे व्हावे म्हणून ते तुरटी, मीठ, पीठ आणि अंड्याचा बलक यांच्या मिश्रणात घोळीत. मग ते ताणून, आतून तासून इतके पातळ करीत की, ते कापडाप्रमाणे घडी घेई. आयर्लंडमधल्या लिमरिक शहरच्या मोज्यांची ख्याती अशी की, त्यांचा जोड अक्रोडाच्या टरफलात घालून विकीत.

मोजा बेतणारा कारागीर हा या धंद्यातला मानाचा माणूस. तो जवळजवळ नेहमी पुरुष असे. कातडे कोणत्या बाजूला किती ताणेल हे त्याला बोटांनी कळे. १८३४ साली ग्रेनोबलच्या झाव्हिए झुव्हँ याने या बोटांच्या ज्ञानाला गणिताची जोड दिली. त्याने असंख्य हातांची मापे घेऊन त्यांचे ३२० प्रकार ठरविले, आणि चार वर्षांनी असा पोलादी साचा काढला की एका दाबात अनेक मोज्यांचे पंजे अचूक कापले जावेत. तोपर्यंत मोजा हाताच्या मापाने होई. आता हाताला क्रमांक मिळाला. स्त्रिया आपला 'सहा' किंवा 'सव्वासहा' हा आकडा अभिमानाने सांगू लागल्या आणि साडेसहाचा हात सहाच्या मोज्यात कोंबू लागल्या. झुव्हँ १८४४ साली वारला. ग्रेनोबलने त्याचा पुतळा उभारला आहे.

शिवणाऱ्या हातांचे पुतळे कोणी उभारले नाहीत. शिवण हे बायकांचे काम होते आणि ते कारखान्यात न होता आसपासच्या खेड्यांतल्या घराघरांतून होई. बेतलेले पंजे, अंगठे आणि बोटांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्या यांचे गठ्ठे आठवड्याला घरी येत व शिवून परत जात. मजुरी नगावर. टाके एकसारखे पडावेत म्हणून पितळी दात असलेला, पायाने दाबून धरावयाचा चिमटा वापरीत. त्या दातांच्या फटींतून सुई एकेकदा घालायची आणि काढायची. इंग्लंडमधील वूस्टर या शहराच्या परिसरात १७९० ते १८२० या भरभराटीच्या काळात दीडशे कारखानदार आणि तीस हजारांहून अधिक माणसे या धंद्यावर जगत होती, असा अंदाज नोंदलेला आहे. परदेशी मोज्यांना इंग्लंडात १७६६ पासून बंदी होती. १८२६ साली सरकारने ती उठविली. फ्रेंच मोजे अधिक देखणे होते. लंडनच्या दुकानांत ते येताच वूस्टरच्या खेड्यांतल्या सुया थांबल्या. ज्यांचे हातावर पोट होते, त्यांच्या ताटात धोरणातला हा एक बदल थेट येऊन पडला. वूस्टरच्याच एका हातमोजे-कारखानदाराची मुलगी मिसेस हेन्री वुड या नावाने पुढे कादंबरीकार झाली आणि तिने या शहरातले मोजे करणारांचे जीवन १८६२ च्या आपल्या एका कादंबरीत आणले.

कादंबरीपेक्षाही अंगावर येणारी साक्ष सरकारी दप्तरात आहे. १८६० नंतरच्या वर्षांत बालमजुरीची चौकशी करण्यासाठी ब्रिटिश सरकारने आयोग नेमला होता. नॉटिंगहॅमच्या परिसरात विणलेल्या मोज्यांची बोटे शिवण्याचे काम घरोघर चाले. तेथील एका कामकरणीने आयोगापुढे सांगितले की, तिची साडेपाच वर्षांची बहीण दोन वर्षांपासून मोजे शिवते आहे. मेजावरच्या मेणबत्तीपर्यंत नजर पोहोचावी म्हणून तिला स्टुलावर उभे राहावे लागे. काम पुरे करावयाचे असले की मुलांना रात्री अकरा-बारापर्यंत जागवीत. त्यांनी उठून जाऊ नये म्हणून आया त्यांचे कपडे आपल्या गुडघ्यापाशी टाचणीने अडकवीत आणि डोळा लागला तर चापट मारून जागे करीत. या आयांना निर्दय म्हणणे सोपे आहे. शनिवारी गठ्ठा परत गेला नाही तर घरात भाकरी नव्हती, हेही त्याबरोबर म्हटले पाहिजे. एका स्त्रीचा हात कामाचा दिसू नये एवढ्यासाठी जी वस्तू घडत होती, ती साडेतीन वर्षांच्या मुलीच्या हाताला कामाला जुंपून घडत होती. शिष्टाचाराच्या पुस्तकांत याचा उल्लेख येण्याचे कारणच नव्हते.

हातमोज्यांची ही चाल वैभवाच्या शिखरावर असतानाच तिच्या दुसऱ्या, माळ्याच्या कुळात एक नवा जन्म झाला. अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात कॅरोलिन हॅम्प्टन नावाची परिचारिका शस्त्रक्रियेच्या दालनात काम करीत असे. जंतुनाशक म्हणून वापरल्या जाणाऱ्या पाऱ्याच्या द्रावणाने तिच्या हातांची कातडी सोलवटून निघे. तेथील शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड यांनी १८८९-९० च्या सुमारास एका रबर-कंपनीकडून तिच्यासाठी पातळ रबरी हातमोजे करवून घेतले. पुढे १८९० मध्ये त्या दोघांचा विवाह झाला. हे मोजे तिच्या कातडीच्या रक्षणासाठी होते. रोग्याचेही त्यांनी रक्षण होते हे हळूहळू लक्षात आले आणि जगातल्या सर्व शल्यगृहांनी त्यांचा स्वीकार केला. नृत्यशाळेतला मोजा 'या हाताला काम नाही' असे सांगत होता, त्याच वेळी शल्यगृहातला मोजा एका स्त्रीला काम करता यावे म्हणून अवतरला. पुढच्या शतकात यांपैकी कोणता टिकणार, हे ठरावयाचे होते.

विसाव्या शतकातली दोन महायुद्धे शोभेच्या मोज्याला एकदम संपवू शकली नाहीत. पहिल्या युद्धात लक्षावधी स्त्रिया कारखान्यांत गेल्या, तरी रविवारच्या पोशाखात मोजे राहिलेच. दुसऱ्या युद्धात ब्रिटनमध्ये कापडाचे रेशनिंग आले, तरी ते राहिले. १९३९ साली व्हिएन्नाहून इंग्लंडात आश्रयाला आलेल्या कॉर्नेलिया जेम्स या ज्यू तरुणीने रंगीत हातमोज्यांवरच आपला संसार आणि व्यवसाय उभा केला. १९४७ मध्ये राजकन्या एलिझाबेथच्या विवाहानंतरच्या प्रयाणाच्या पोशाखासाठी मोजे तिनेच केले. १९५३ साली त्याच एलिझाबेथचा राज्याभिषेक झाला, तेव्हा राजदंड हाती घेण्यापूर्वी तिच्या उजव्या हातात एकच शुभ्र मोजा चढविण्यात आला. तो मध्ययुगातला सत्तेचा मोजा होता. इतर दिवशी तिच्या हातांत दिसणारे आखूड मोजे हे शिष्टाचाराचे होते. एकाच स्त्रीच्या हातावर दोन्ही परंपरा त्या वर्षी पाहावयास मिळाल्या.

दुसऱ्या महायुद्धानंतरची पंधरा वर्षे ही या चालीची अखेरची बहराची वर्षे. नायलॉनच्या आणि सुती मोज्यांमुळे ती दुकानांत काम करणाऱ्या मुलींच्याही आवाक्यात आली. 'गिल्डा' या १९४६ च्या चित्रपटात रिटा हेवर्थ गाता गाता एक लांब काळा मोजा हळूहळू उतरविते, एवढ्याच गोष्टीने प्रेक्षागृहे भरली; १९६१ च्या 'ब्रेकफस्ट ॲट टिफनीज' मध्ये ऑड्री हेपबर्नच्या हातांत तसेच मोजे दिसले. अमेरिकेत तर न्यूयॉर्क राज्यातल्या एका गावाचे नावच ग्लव्हर्सव्हिल, म्हणजे हातमोजे करणारांचे गाव, असे आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्या देशात विकल्या जाणाऱ्या मोज्यांपैकी बहुतेक तेथे होत. पोलंडातून आलेला एक गरीब मुलगा तेथे मोज्यांच्या कारखान्यात राबला आणि मग मोजे विकत फिरला. सॅम्युएल गोल्डविन या नावाने तो पुढे हॉलिवुडचा बडा निर्माता झाला.

मग तो बहर एकाएकी गळाला. १९६० नंतर केशरचना उंच झाल्या, त्यांवर टोप्या बसेनात. आणि टोपी व मोजे ही जोडी असल्यामुळे टोपीबरोबर मोजेही गेले. घरे आणि मोटारी आतून उबदार झाल्या. फॅशन ठरविण्याचा मान प्रौढ स्त्रियांकडून तरुण मुलींकडे गेला, आणि त्या मुलींना आईसारखे दिसावयाचे नव्हते. यांपैकी कुठलेही कारण खोटे नाही. परंतु या सर्वांच्या तळाशी एक मोठे कारण आहे. मध्यमवर्गातली स्त्री टंकयंत्रापाशी, दुकानात, दवाखान्यात, वर्गात आणि कचेरीत कामाला बसली होती. आपल्याला काम करावे लागत नाही हे दाखविण्यात तिला आता भूषण वाटेना. मोज्याने जे वाक्य दीडशे वर्षे उच्चारले, ते उच्चारण्याची इच्छाच संपली. ग्लव्हर्सव्हिलचे कारखाने एकामागून एक बंद झाले. परदेशांतल्या स्वस्त मजुरीने त्यांवर अखेरचा घाव घातला. वूस्टरवर १८२६ साली जी वेळ आली होती, तीच सव्वाशे-दीडशे वर्षांनी समुद्रापलीकडच्या या गावावर आली.

भारतात ही चाल इंग्रज मडमांबरोबर आली आणि बव्हंशी त्यांच्याबरोबरच गेली. व्हाइसरॉयच्या समारंभांत लांब पांढरे मोजे अनिवार्य असत. भारताच्या उन्हात ते घामाने चिकटत आणि पावसाळ्यात त्यांना बुरशी लागे, तरी ते सुटले नाहीत. साडीने मात्र त्यांना जवळ केले नाही. आपल्याकडे हात झाकण्यापेक्षा तो नटविण्याकडे कल. बांगड्या, अंगठ्या आणि मेंदी या साऱ्यांना उघडाच हात हवा. दुसरे कारण अभिवादनाचे. जेथे हात हातात द्यावा लागतो तेथे मधे मोजा असावा की नसावा हा प्रश्न उद्भवतो. नमस्कारात आपला उजवा हात आपल्याच डाव्या हाताला भेटतो. स्पर्श टाळण्याचे काम पाश्चात्त्य समाजात मोज्याने जेवढे केले, त्याच्या कितीतरी पट क्रूरपणे ते आपल्या समाजात मोज्यावाचून झाले, हेही येथे प्रांजळपणे नोंदविले पाहिजे. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला, त्यांना दूर ठेवण्यास कातड्याच्या पातळ पडद्याची गरज पडली नव्हती.

मोज्याच्या अस्ताचे खरे महत्त्व स्पर्शाच्या या बाजूने पाहिले म्हणजे उमगते. एप्रिल १९८७ मध्ये लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात एड्सच्या रुग्णांसाठी खास विभाग सुरू झाला. हा रोग नुसत्या स्पर्शाने होतो, अशी भीती त्या वेळी सर्वत्र पसरलेली होती. उद्घाटनाला आलेल्या युवराज्ञी डायाना यांनी मोजा न घालता एका रुग्णाचा हात हातात घेतला. ते छायाचित्र जगभर छापले गेले आणि अनेक व्याख्यानांनी झाले नसते ते काम त्याने केले. पहिल्या एलिझाबेथने मोजा काढला तो एका सरदारावर मर्जी दाखविण्यासाठी. त्यानंतर सुमारे चारशे वर्षांनी त्याच देशाच्या राजघराण्यातला एक उघडा हात, ज्याला कोणीही शिवायला तयार नव्हते अशा माणसाकडे गेला. दुसरी एलिझाबेथ २०२२ साली निवर्तली, तोपर्यंत समारंभांतला आखूड मोजा तिने सोडला नाही. तिच्याबरोबर तो नित्याचा शिष्टाचार म्हणून जवळजवळ इतिहासजमा झाला.

आणि तरीही कोपराच्या वर जाणारा मोजा जगातून नाहीसा झालेला नाही. पुण्याच्या किंवा नागपूरच्या रस्त्यावर एप्रिल-मे महिन्यांत सकाळी नऊच्या सुमारास उभे राहिले, तर तो शेकड्यांनी दिसतो. स्कूटरवर बसलेल्या मुली आणि बायका डोक्याला रुमाल गुंडाळून, हातांत दंडापर्यंतचे सुती मोजे चढवून कॉलेजला, बँकेत, शाळेत, रुग्णालयात निघालेल्या असतात. ऊन आणि धूळ यांपासून बचाव हा त्याचा हेतू. हात काळवंडू नयेत ही जुनी इच्छाही त्यात अजून लपलेली आहे, आणि गोऱ्या रंगाचे ते वेड काही अभिमानास्पद नव्हे. पण रस्त्याकडेच्या दुकानातून घेतलेला, धुऊन दोरीवर वाळत घातलेला हा मोजा जोसेफीनच्या मोज्याच्या वंशातला नाही. बागेतल्या काट्यांसाठी लाएर्टीसने घातलेल्या आणि कॅरोलिन हॅम्प्टनसाठी करवून घेतलेल्या मोज्यांशी त्याचे नाते आहे. कचेरीत पोहोचल्यावर तो काढून पिशवीत टाकला जातो आणि हात कामाला लागतात.